डाव्या हाताची तर्जनी

मंगळवारी सकाळी नऊ ते साडेनऊ माझ्याशी कोणी बोलायचं नाही, असा आमच्या घरात नियमच झालाय. नवरा चहाचा कप माझ्यापुढे ठेवतो आणि पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसतो. मी फोन समोर ठेवून नुसती बघत राहते. तळहातांना घाम सुटतो. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी मंगळवारचा हा घाम काही जात नाही.

तो का सुटतो, ते सांगायचं तर सगळंच सांगायला हवं. आमच्या घोडपदेवच्या मंडळाने यंदा दिवाळी अंक काढायचं ठरवलं आणि संपादकमहाशयांनी, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या सुहासने, मला जिन्यातच गाठलं. "काकू, तुमच्या नोकरीवर लिहा ना. हॉस्पिटलचे किस्से."

"अरे, मी एकतीस वर्षं लोकांना सुया टोचल्या. त्यावर काय लिहू, कपाळ?"

"तेच लिहा," म्हणाला. तेव्हा वाचून कंटाळा आला तर सुहासला धरा, मला नको.

परळच्या एका मोठ्या इस्पितळात मी रक्त घ्यायचं काम करत होते. फक्त घ्यायचं. तपासायचं काम वरच्या मजल्यावर, ती मशीनवाली माणसं वेगळी. लोक मला सिस्टर म्हणायचे आणि मी सिस्टर नव्हते. पहिली चार वर्षं मी प्रत्येकाला समजावून सांगितलं, मग सोडून दिलं. दंडाला रबरी पट्टा बांधायचा, शीर शोधायची, सुई घालायची, नळ्या भरायच्या, कापूस दाबून धरायला सांगायचं. संपलं. नीट झालं तर दोन मिनिटांचं काम, आणि नाही झालं तर माणूस जन्मभर तुमच्या नावाने खडे फोडतो.

दोनदा मला वर लॅबमध्ये घ्यायला निघाले होते. खुर्ची, पंखा, टेबल. दोन्हीदा मी नको म्हटलं. सासूबाई तेव्हा होत्या, त्या शेजारणीला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाल्या, "बसान काम गावता, तर म्हणता नको! काय म्हणूचा हिका?" आता त्यांना काय सांगणार? मला एकच गोष्ट येत होती आणि तीच अजून नीट येत नाही असं वाटत होतं. ते सोडून दुसरीकडे जायचं म्हणजे अर्धी पोळी ताटात टाकून उठण्यासारखं.

आणि एक आधीच कबूल करते. मी घाबरट आहे. लोक म्हणायचे, परबबाईंचा हात काय शांत! हात शांत होता हो, पोटात रोज गोळा यायचा. प्रत्येक दंड पुढे आला की वाटायचं, आज नाही मिळाली तर? एकतीस वर्षांत एकही दिवस असा गेला नाही की हे वाटलं नाही. पुढे पुढे मला त्या गोळ्याची सवय झाली. तो आला नाही तर उलट भीती वाटायची.

मला शिकवलं तावडे मास्तरांनी. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, आमच्यातलेच सर्वांत जुने, पण त्यांना कोणी दुसरं काही म्हणायचंच नाही. पहिले तीन महिने त्यांनी मला सुईला हात लावू दिला नाही. घरून एक जुनी टेलिफोन डिरेक्टरी घेऊन आले. म्हणाले, "डोक्यातला एक केस उपट. पानाखाली ठेव. डोळे मीट आणि वरून बोट फिरवून सांग, केस कुठे आहे."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

एका पानाखालचा केस मला आठवडाभराने सापडला. मग दोन पानं, मग तीन. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडायचे आणि मी आपली डोळे मिटून डिरेक्टरी चाचपत बसायची. वर्षाच्या शेवटी मी सात पानांपर्यंत गेले. मास्तर नऊवर होते. डाव्या हाताची तर्जनी, फक्त तिचं टोक. उजव्या हातात सुई असते, म्हणून शोधायचं काम डाव्या हाताचं.

हे कशासाठी, ते सांगते. बाहेरच्या माणसाला वाटतं की शीर डोळ्यांनी बघून घेतात. दिसते ती शीर फार वेळा फसवते. छान निळी दिसते आणि सुई लावली की बाजूला सटकते. आम्ही म्हणायचो, शीर पळाली. कामाची शीर खाली असते, दिसत नाही. ती बोटाला लागते. दाबली की दबते आणि परत वर उसळते. मास्तर म्हणायचे, "डोळे उघडे ठेवलेस की बोट आळशी होतं." म्हणून मी शेवटपर्यंत डोळे मिटूनच शीर शोधली. नवीन पेशंट घाबरायचे. "अहो सिस्टर, झोपलात काय?" लालबागची एक मच्छीवाली मावशी तर म्हणाली, "पोरी, दाबून दाबून काय बघतेस? मी काय बांगडा हाय?"

मास्तरांचा दुसरा नियम, दोनदा. एका माणसाला दोनदाच टोचायचं. नाही मिळाली तर बाजूला व्हायचं आणि दुसऱ्याला हाक मारायची. "तिसऱ्यांदा जी टोचतेस ना, ती त्याच्यासाठी नसते, तुझ्या नाकासाठी असते," म्हणायचे.

त्या बोटाची मी काय बडदास्त ठेवली म्हणून सांगू! विळीवर बसले की ते बोट वर. तव्यावरची भाकरी उलटायला नवरा. नारळ खवायला नवरा. तो बसवर कंडक्टर होता, दिवसभर तिकिटं फाडून यायचा आणि घरी येऊन खोबरं खवायचा, बिचारा. सासूबाई म्हणायच्या, "तुझा बोट म्हणजे काय देव्हाऱ्यातलो देव हा काय गो?" सगळे हसायचे. मीही हसायची, पण बोट वरच.

एक चूकही सांगून टाकते. आम्ही जुनी माणसं हातमोज्याच्या तर्जनीचं टोक कात्रीने कापायचो. रबरातून लागत नाही म्हणून. हे अत्यंत चुकीचं. स्वतःला धोका, पेशंटला धोका. कोणी करू नये. एका मॅडमनी मला पकडलं, सगळ्यांसमोर झापलं आणि मी महिनाभर रडत रडत मोज्यातून शोधायला शिकले. डिरेक्टरीवरसुद्धा मोजा घालून बसायची. पाच पानं आली तेव्हा कुठे जिवात जीव आला.

मास्तर गेले निवृत्त होऊन, आणि हळूहळू असं झालं की कुणाला मिळाली नाही की हाक मला. लहान बाळ, म्हातारं माणूस, सुजलेला हात, औषधांनी जळलेल्या शिरा. "परबबाईंना बोलवा." ऐकायला किती गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू? माझ्या शेजारच्या टेबलावर मनीषा होती, मनीषा कदम. अकरा वर्षं शेजारी. शांत, मन लावून काम करणारी. तिची पहिली चुकली की मी उठायचीच. "सरक, मी घेते." ती सरकायची. तिला दुसरी संधी मी कधी दिलीच नाही. दोनदाचा नियम मी सगळ्यांना सांगायची आणि मनीषाच्या बाबतीत एकदाचाच पाळायची.

आता त्रिलोकेकरकाका.

काका ठाकूरद्वारच्या एका वाडीत राहतात. जुने मुंबईकर. विमा कंपनीत नोकरी करून निवृत्त झालेले, एकटेच, पण इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय रक्त द्यायला येणार नाहीत. रक्ताचा एक हट्टी आजार मागे लागलेला. दर मंगळवारी रक्त तपासायचं आणि त्या रिपोर्टवर पुढच्या आठवड्याचं औषध ठरायचं. रिपोर्ट नाही तर औषध नाही. चार वर्षांच्या सुयांनी दोन्ही हातांच्या शिरा संपत आलेल्या. अशा वेळी छातीच्या कातडीखाली एक छोटी डबी बसवतात, तिच्यातून रक्त काढता येतं. पण काकांचं हृदय नाजूक. डॉक्टर म्हणाले, "भूल द्यायची मला भीती वाटते. परबबाई आहेत तोवर हातावरच भागवू."

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "मी आहे ना."

तीन शब्द.

काकांच्या उजव्या हातावर, अंगठ्याच्या मुळापासून जरा वर, एक शीर उरली होती. दिसायची अजिबात नाही. ती मी शोधलेली, ती मी जपलेली. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. डावा हात मी दोन वर्षांपूर्वीच बाद केला होता. काकांना म्हणायची, "उजव्या हाताने पिशवी उचलायची नाही हां." ते म्हणायचे, "परबबाई, माझ्या शिरेपेक्षा तुमच्या बोटाचा विमा उतरवायला हवा. मी असतो तर पॉलिसी काढून दिली असती." दर मंगळवारी, नऊ वाजता, एका टोचणीत. नऊ वाजून पाच मिनिटांनी काका कँटीनमध्ये चहा प्यायला मोकळे.

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. गणपती नुकतेच गेले होते. सकाळी समईसाठी वात वळत होते आणि कापूस बोटाला लागेचना. म्हणजे डोळ्यांना दिसतोय, बोटात आहे, पण आहे असं वाटत नाही. उजव्या हाताने वळून बघितला तर व्यवस्थित. मला धस्स झालं. म्हटलं, थंडी असेल. सप्टेंबरात मुंबईत कसली थंडी? पण माणूस स्वतःला काहीही सांगतो.

नवरा आंघोळीला गेल्यावर मी कपाटातून डिरेक्टरी काढली. मास्तरांनी जाताना ती मलाच दिली होती. केस ठेवला, डोळे मिटले. सात पानं, नाही. सहा, नाही. चौथ्या पानावर कुठेतरी असल्यासारखा लागला. डोळे उघडून बघितलं तर केस भलतीकडेच.

त्या दिवसापासून रोज सकाळी तोच उद्योग. नवरा आंघोळीला, मी डिरेक्टरीला. एखादा दिवस पाच पानं यायची, की मी दिवसभर हवेत. दुसऱ्या दिवशी तीन. बोटाला मुंग्या यायच्या, झटकलं की जायच्या, परत यायच्या. कुणालाही बोलले नाही. नवऱ्याला नाही, मनीषाला नाही. डॉक्टर दिवसातून दहा वेळा समोरून जायचे, त्यांना तर नाहीच. काय सांगणार? या वयात बोट गेलं म्हणून? आठ महिने राहिले होते. म्हटलं, आठ महिने रेटून नेऊ.

आणि कसं रेटलं, ते लिहायला लाज वाटते, पण लिहायचं म्हटलं की लिहायचं. दिसणाऱ्या शिरांचे पेशंट मी माझ्याकडे ओढायला लागले. तरुण पोरं, पैलवान गडी. म्हातारी माणसं आली की टेबल आवरायचं, नळ्या मोजायच्या, फोन आल्यासारखं करायचं. मनीषाला वाटलं असेल, बाईंना आता जायचे वेध लागलेत. गरम पाण्याच्या पिशव्या द्यायला लागले, शिरा फुगतात म्हणून. आणि डोळे उघडे ठेवून शोधायला लागले. हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मंगळवार मात्र टाळता येत नव्हता. सोमवारी संध्याकाळपासून मला जेवण जायचं नाही. काकांची शीर मला पाठ होती, अंगठ्यापासून किती बोटं, कुठे वळते. पाठांतरावर मी सहा-सात मंगळवार काढले. बोट नुसतं ठेवायची, नाटक म्हणून. आतून रामराम म्हणत सुई घालायची. यायचं रक्त. काका म्हणायचे, "एकात!" आणि मी जाऊन बाथरूममध्ये तोंड धुऊन यायची.

ज्या मंगळवारी व्हायचं ते झालं, त्या सकाळी डिरेक्टरीच्या एका पानाखालचा केस मला सापडला नव्हता. एका. मी पान उलटून तीनदा बघितलं. पहिल्या आठवड्यातली नवखी पोरगी परत झाले होते मी. तरी साडी नेसले आणि कामावर गेले. तेव्हाच सांगायला हवं होतं ना? हवं होतं. मला माहीत होतं.

काका बसले, बाही दुमडली. "काय परबबाई, आज चेहरा उतरलाय?"

"काही नाही हो, झोप नाही झाली."

पट्टा बांधला. बोट ठेवलं. काहीच नाही. हात कुणाचा आणि बोट कुणाचं. पाठांतराने सुई घातली. रक्त नाही. जरा मागे घेतली, जरा फिरवली. तेही करू नये. आणि डोळ्यांदेखत कातडीखाली काळसर फुगा वर यायला लागला. सुई शिरेच्या आरपार गेली होती. मी पट्टा सोडला, सुई काढली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं. काकांचं रक्त लवकर थांबत नाही, तो त्यांच्या आजाराचाच भाग. वीस मिनिटं मी तशीच दाबून उभी होते. अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत हात जांभळा झाला. ती शीर गेली. चार वर्षं जपलेली, आणि मीच घालवली.

"सुटली का?" काकांनी विचारलं. मऊ आवाजात, माझीच समजूत घातल्यासारखं.

मी म्हटलं, "काका, चुकलं माझं. डाव्या हाताला बघते." आणि पट्टा उचलला. माझी दुसरी टोचणी शिल्लक होती ना! नियमाप्रमाणे होती. पट्टा मी दंडाभोवती गुंडाळायलाही घेतला.

काकांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "परबबाई, थांबा. तुम्ही आज डोळे मिटले नाहीत."

पट्टा माझ्या हातातच राहिला.

"आजच नाही. दोन महिने झाले, तुम्ही डोळे मिटत नाही. उघड्या डोळ्यांनी माझ्या हाताकडे बघता आणि बोट नुसतं ठेवता. मला कळत होतं."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. रागच आला मला, कुणाचा ते देव जाणे. "कळत होतं तर हात का पुढे केलात?"

"तुम्हाला सोडून जाणार कुठे? तुमच्याशिवाय इथे आहे कोण?"

हे ऐकायला मी एकतीस वर्षं धडपडले होते. तुमच्याशिवाय कोण! आणि समोर तो जांभळा हात. मला भडभडून आलं. भर खोलीत, पंधरा माणसं रांगेत बसलेली, आणि मी रडले. माझ्याशिवाय कोणी नाही, कारण मी कुणाला होऊच दिलं नव्हतं. प्रत्येक अवघड हात मी ओढून घेतला, मग दुसऱ्याच्या बोटाला कळणार कसं?

मी मागे वळले. मनीषा आपल्या टेबलाशी उभीच होती. "मनीषा," म्हटलं, "तू घे."

"बाई, मी?"

"तू. दोनदा. मी मध्ये बोलणार नाही."

तिने काकांचा डावा हात घेतला, मी बाद केलेला. पुढून बघितला, मग उलटा केला. कोपराच्या खाली, मागच्या बाजूला बोट ठेवलं. आणि डोळे मिटले. मी तिला कधी शिकवलं नव्हतं ते. ती कितीतरी वेळ तशीच उभी. माझ्या पोटातला गोळा आता तिच्यासाठी होता. पहिल्यांदा सुई घातली, नाही आलं. "सरक" हा शब्द माझ्या जिभेवर आला. दात घट्ट आवळले आणि गिळला. दुसऱ्यांदा तिने जरा खाली घातली. नळीत लाल धार लागली.

काका म्हणाले, "दोनात." आणि कपाळाचा घाम पुसला. त्यांनाही घाम फुटला होता, मला आजवर कधी दिसला नव्हता.

नंतर मी मनीषाला विचारलं, "डोळे मिटायला कुठे शिकलीस?"

"तुम्ही सरक म्हणायचात ना, बाई. मग मी मागे उभी राहून तुमचं बोट बघायचे. अकरा वर्षं." तिने हे अजिबात टोमण्याने म्हटलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

काका मात्र तेवढ्यावर थांबणारे नव्हते. शर्टाची बाही सरळ करत म्हणाले, "परबबाई, बोटाला काय झालंय ते तपासलंत का? स्वतःचं रक्त कधी दिलंत?"

दिलं नव्हतं! आता हसा. नवऱ्याचं घेतलं, सासूबाईंचं घेतलं, आमच्या चाळीतल्या निम्म्या दंडांना मी हात लावलेला. माझं मात्र कुणी घेतलेलं नव्हतं. स्वतःचं स्वतःला घेता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून घ्यायचं तर मला भरवसा नको? स्टाफच्या तपासणीला दरवर्षी नंतर देते, नंतर देते करून मी चुकवायची. मंडळाच्या शिबिरात साखर बघायला बोटाच्या टोकाला टोचतात, तिथून तर मी पळालेच होते. माझ्या बोटाला सुई? भलतंच!

त्याच दिवशी, रांग संपल्यावर, मी काकांच्या खुर्चीत बसले. मनीषाने पट्टा बांधला. एकतीस वर्षांत मी त्या खुर्चीत पहिल्यांदा बसत होते. तिथून सुई केवढी मोठी दिसते! मी लोकांना सांगायची, "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं." साफ खोटं. मनीषाने डोळे मिटले, आणि मग मीही मिटले.

रिपोर्ट आला. साखर भरपूर, आणि बहुधा कित्येक वर्षांची. मनगटातली नसही दाबली गेली होती. डॉक्टर चिडले. "बाई, तुम्ही? रोज शंभर नळ्या माझ्या टेबलावर पाठवणाऱ्या तुम्ही? दोन वर्षं आधी आला असता तर बोट वाचलं असतं." ज्या बोटाला मी विळीपासून आणि तव्यापासून वाचवलं, ते एका सुईच्या भीतीने घालवलं.

गोळ्या सुरू झाल्या, मनगटाचं छोटं ऑपरेशन झालं. मुंग्या कमी झाल्या. टोक मात्र परत आलं नाही.

उरलेले महिने मी सुई हातात घेतली नाही. वरच्यांना सगळं सांगितलं, काकांच्या हातासकट. बोलणी खाल्ली, खायलाच हवी होती. मग मला टेबलावर नावं लिहायला बसवलं. दुपारी डबा खाऊन झाला की मनीषा आणि मी डिरेक्टरी घेऊन बसायचो. केस माझा, पांढरा, जाड. ती म्हणायची, "बाई, तुमचा केस सोपा जातो, माझा घेते." दुसऱ्या पानापासून सुरुवात केली होती तिने. मी निवृत्त झाले त्या दिवशी चारवर होती. चार म्हणजे काही सात नव्हे. हे मी तिला म्हटलं नाही, पण मनात आलं, आणि घरी येताना बसमध्ये सारखं तेच येत राहिलं. डिरेक्टरी मी तिच्या टेबलावर ठेवून आले.

काकांना ती डबी अजून बसवता आलेली नाही. डावा हात, कोपराखालची ती शीर, दर मंगळवारी नऊ वाजता. ती गेली तर पुढे काय, ते डॉक्टर सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. मनीषा झाल्याबरोबर मला मेसेज टाकते. एकच शब्द असतो, "एकात." तो आला की मी चहा पिते. हे मी काकांना फोनवर सांगून बसले आणि ते तेव्हापासून माझी टिंगल करतात.

तर आज मंगळवार आहे. हे शेवटचं पान मी मुद्दाम आज लिहायला घेतलं, म्हटलं, तेवढाच वेळ जाईल. नऊ वाजून बावीस मिनिटं झाली. मेसेज नाही. गेल्या वेळी नऊ सातला आला होता.

नवऱ्याने गॅलरीतून डोकावलं. "आला?"

"नाही. आणि विचारू नका."

नऊ एकोणतीस. फोन करावा का? नको, तिच्या हातात सुई असेल. डाव्या हाताचं बोट मी कागदावर फिरवतेय, सवयीने. कागद लागत नाही.

आता वाजला.

"बाई, काकांची पहिली सुटली. उघड्या डोळ्यांनी घातली होती. मग मिटले. मिळाली."

आणि त्याखाली, तिच्याच फोनवरून, पण तिचं हे बोलणं नव्हे:

"परबबाई, चहा घ्या आता. गार झाला असेल."

गारच झाला होता. तसाच प्यायले.